माडाच्या सावलीत हळद, आले आणि सुरण



कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत कोकणातून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला प्रश्न असा, "माडाखालची जागा मोकळी पडून आहे. तिथं सावली असते. काय लावू?" आणि दुसरा, "आलं लावलं होतं. भाद्रपदात पिवळं पडलं आणि कुजलं. सावलीमुळंच ना?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कळले की पहिल्याचे आपोआप कळते. आले सावलीने कुजत नाही. ते कुजते साचलेल्या पाण्याने आणि रोगट बेण्याने. हळद आणि आले ही दोन्ही पिके थोड्या सावलीत सुखाने वाढतात. सुरणाला जरा जास्त ऊन लागते, तरी विरळ सावली त्यालाही चालते. तेव्हा माडाखालची जागा म्हणजे या पिकांसाठी तयारच असलेला मांडव आहे. मात्र या पिकांना पाणी कधी हवे आणि कधी नको, हे ओळखता आले पाहिजे. या पत्रकात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

कंदाचा स्वभाव ओळखा

पहिल्या पावसानंतर रानात जाऊन बघा. चार दिवसांपूर्वी जिथे नुसती तापलेली माती होती, तिथे शेवळे वर आलेली असतात. पुढे डोंगरउतारावर रानहळद फुलते. सह्याद्रीच्या ओल्या कपारीत, जिथे ऊन जेमतेम पोचते, तिथे एका बाजूला झुकल्यासारख्या पानांचा आणि गुलाबी फुलांचा रानबिगोनिया दिसतो. यांना कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. पाऊस सरला की वरचा पाला वाळून जातो आणि आपल्याला वाटते, झाड मेले. पण जमिनीत कंद जिवंत असतो. पुढच्या पावसाची वाट बघत तो झोपलेला असतो.

थंड मुलखातही कंदाची झाडे असेच करतात. चीन-जपानकडे एका जातीचा बिगोनिया कडक थंडीत वरून मरतो आणि थंडी सरल्यावर जमिनीतल्या कंदातून पुन्हा फुटतो. तिकडे झोपेचा काळ थंडीचा, आपल्याकडे झोपेचा काळ कोरड्या दिवसांचा. स्वभाव एकच.

आपले सुरण हे या शेवळाचेच जातभाई आहे, आणि आपली हळद रानहळदीची. लागवडीत आले म्हणून त्यांचा स्वभाव बदललेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आपण ज्याला कंद म्हणतो ते मूळ नव्हे, ते जमिनीत राहिलेले खोड आहे. म्हणून त्याला डोळे असतात आणि डोळ्यातून कोंब फुटतो. पावसाळाभर पाने जे अन्न तयार करतात ते खाली या खोडात साठते. शेवटी पाने पिवळी पडतात तेव्हा पानांत उरलेसुरले अन्नही खाली उतरत असते. त्या वेळी कंदाला पाणी नको, विश्रांती हवी.

माझीच एक चूक

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरी अंगवळणी पडायला एक चूक व्हावी लागली. नोकरीत नवीन होतो. किनाऱ्याजवळच्या एका गावात एका काकींच्या वाडीत सुरणाचे वीस-बावीस खड्डे होते. मार्गशीर्ष महिना होता. पाऊस कधीच संपला होता, माती कोरडी होती आणि सुरणाची छत्रीसारखी पाने पिवळी पडून लवली होती. मी बघितले आणि सांगून टाकले, "काकी, पाण्याचा ताण पडलाय. चार दिवसांनी एक पाणी द्या, मूठभर युरिया टाका."

काकी म्हणाल्या, "सायब, सुरण मेला नाय, निजलाय. निजलेल्याला पानी कशाला पाजताव?"

मी पदवीच्या तोऱ्यात होतो. ऐकले नाही. काकींनी माझ्या शब्दाखातर पाणी घातले. फक्त कडेचे तीन खड्डे, जिथे पाट पोचत नव्हता, ते तसेच राहिले. महिन्याभराने खणले तेव्हा पाणी घातलेल्या खड्ड्यांतले बरेचसे कंद मऊ पडलेले, वास येणारे निघाले. कोरड्या राहिलेल्या तीन खड्ड्यांतले कंद दगडासारखे घट्ट होते. पुढच्या वर्षीचे सगळे बेणे त्यात होते. मी शेजारच्या गावांतून बेणे जमवून दिले, पण काकींचे स्वतःचे, वर्षानुवर्षे जपलेले घरचे बेणे त्या साली जवळजवळ संपले. त्या दिवसापासून कोणत्याही कंदपिकाला पाणी द्या असे सांगण्याआधी मी माती उकरून कंद हाताने दाबून बघतो. तुम्हीही तसेच करा.

सावली किती आहे ते बघा

सगळ्या माडांची सावली सारखी नसते. लागवडीपासून आठ-दहा वर्षांपर्यंत माड लहान असतात आणि ओळींमध्ये भरपूर ऊन येते. त्यानंतर साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत झावळ्या एकमेकींना भिडतात, सावली दाट होते. माड आणखी उंच गेले की पुन्हा ऊन-सावलीची नक्षी जमिनीवर पडू लागते.

अंदाज घ्यायची एक सोपी रीत सांगतो. पाऊस नसलेल्या दिवशी भर दुपारी बारा वाजता माडाच्या दोन ओळींमध्ये पांढरे धोतर किंवा चादर पसरा. कापडावर निम्म्याहून जास्त भागात उन्हाचे कवडसे पडले, तर हळद आणि आले दोन्ही घ्यायला हरकत नाही. जिथे ऊन याहूनही जास्त, म्हणजे बागेच्या कडेला किंवा माड गेल्याने मोकळ्या झालेल्या जागी, तिथे सुरण लावा. कापड जवळजवळ सगळे सावलीत राहिले, तर तिथे ही पिके लावू नका. फार दाट सावलीत झाड उंच, लुकडे वाढते, पाने हिरवीगार दिसतात आणि खाली कंद बोटाएवढा राहतो.

माडापासून किती लांब लावायचे

माडाची बहुतेक कामाची मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. कासरगोड येथील नारळ-सुपारीवर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेने हे फार पूर्वीच दाखवून दिले आहे. म्हणून बुंध्याभोवती दोन मीटरचे आळे माडाला सोडा. तिथे कुदळ घालू नका.

आता हिशेब करा. माड साडेसात मीटर अंतरावर लावलेले असतील, तर दोन ओळींमध्ये दोन्हीकडचे दोन-दोन मीटर सोडून साडेतीन मीटरचा पट्टा उरतो. या पट्ट्यात एक मीटर रुंदीचे दोन गादीवाफे आणि अर्ध्या मीटरचे तीन चर बरोबर बसतात. वाफा तीन मीटर लांब ठेवा आणि दोन वाफ्यांच्या टोकांमध्येही अर्धा मीटर चर काढा. दहा गुंठ्यांच्या बागेत अठरा-एक माड आणि सुमारे ७५ वाफे होतात. म्हणजे आज जिथे फक्त गवत वाढते, तिथे एवढी जागा तुमच्याकडे आहे.

माडाच्या एकाच ओळीत दोन माडांच्या मध्येही जागा असते. तिथे ऊन पुरेसे असेल तर ९० सेंटिमीटर अंतरावर सुरणाचे तीन खड्डे घ्या.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडाखाली जायफळ, दालचिनी, काळी मिरी घेण्याची पद्धत "लाखी बाग" या नावाने लोकांपुढे ठेवली, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती बाग उत्तमच. पण जायफळाला फळ धरायला काही वर्षे वाट पाहावी लागते. आले-हळदीचे पैसे त्याच वर्षी हातात येतात, त्यामुळे लाखी बागेची झाडे लहान असतानाही मधल्या जागेत ही पिके घेता येतात.

वाफा उंच, चर खोल

कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस कोसळतो. घाटावर जमिनीत ओल कशी टिकवायची याची काळजी, आपल्याकडे पाणी कसे काढून द्यायचे याची. म्हणून वाफा निदान ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट उंच हवा. चराला उतार द्या आणि सगळे चर बागेबाहेर जाणाऱ्या एका मोठ्या चराला जोडा. जोराच्या सरीनंतर अर्ध्या तासाने बागेत जा. चरात पाणी उभे दिसले तर कुदळ घेऊन वाट करून द्या. हे काम पावसात भिजत करावे लागते, पण पीक वाचते ते यानेच.

जमीन पुळणीची असेल तर निचरा आपोआप होतो, पण शेणखत जास्त लागते. जांभ्याच्या तांबड्या जमिनीत खाली कातळ लागतो का ते बघा. एक फुटावर कातळ असेल तर पाणी तिथे अडते, अशा जागी वाफा आणखी उंच करा.

वाफा करताना गुंठ्याला २५० ते ३०० किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळा. ओले शेण घालू नका, त्याने हुमणी आणि कूज दोन्हींना आमंत्रण मिळते. आणि एक पथ्य पाळा, माडाचे खत माडाला आणि वाफ्याचे खत वाफ्याला. एकाच खतात दोघांना वाढवायला गेलात तर दोन-तीन वर्षांत माड नारळ कमी देईल आणि दोष आल्याला लागेल. रासायनिक खत माती तपासून, तुमच्या कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने द्या.

बेणे म्हणजे अर्धे पीक

बाजारातून भाजीचे आले आणून लावू नका. ते कुठल्या शेतातले, रोगट की निरोगी, काही कळत नाही. ज्या वाडीत गेल्या वर्षी कूज नव्हती, तिथलेच बेणे घ्या, आणि पाने हिरवी असतानाच ती वाडी डोळ्यांनी पाहून ठेवा.

आल्याचा तुकडा २५ ग्रॅमच्या आसपास आणि एक-दोन चांगले डोळे असलेला असावा. २५ सेंटिमीटर अंतरावर चार ओळी धरल्या, तर तीन मीटरच्या वाफ्याला ४८ तुकडे, म्हणजे सुमारे सव्वा किलो बेणे लागते. हळदीचा तुकडा ४० ग्रॅमच्या आसपास घ्या. वाफ्यावर ३० सेंटिमीटरवर तीन ओळी आणि ओळीत २५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर वाफ्याला ३६ तुकडे, म्हणजे दीड किलोच्या आत बेणे पुरते. आल्यात माहीम ही आपल्याकडची जुनी जात आहे. हळदीत सेलम सगळीकडे मिळते.

लावणीच्या आधी १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून त्यात बेणे अर्धा तास बुडवा आणि सावलीत पसरून सुकवा. हातात मोजे घाला आणि उरलेले पाणी विहिरीजवळ ओतू नका. ट्रायकोडर्मा वापरायचे असेल तर ते पंधरा-वीस दिवसांनी, शेणखत किंवा निंबोळी पेंडीत मिसळून मातीत द्या. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपयोगी बुरशी आहे. बुरशीनाशकाबरोबर दिली तर तीच मरते.

सुरणासाठी गजेंद्र ही जात चांगली, तिला खाज कमी असते. कंद कापताना वरचा मधला डोळा प्रत्येक फोडीला थोडा तरी येईल अशा उभ्या फोडी करा. फोड अर्ध्या किलोची असावी. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. कापण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळायला विसरू नका.

लावणी आणि आच्छादन

आले आणि हळद रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावा. उशीर झाला आणि मुसळधार पावसात लावणी सापडली, तर कोंब फुटण्याआधीच बेणे कुजायची भीती असते. तुकडा डोळा वर ठेवून चार-पाच सेंटिमीटर खोल लावा. सुरण एप्रिल-मेमध्ये लावले तरी चालते. खड्डा ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल घ्या. माती आणि दोन-अडीच किलो शेणखताने तो भरून त्यात फोड लावा. वर मातीचा उंचवटा ठेवा, म्हणजे खड्ड्यावर पाणी उभे राहणार नाही.

लावणी झाली की त्याच दिवशी वाफा हिरव्या पाल्याने झाका. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला यासाठी सर्वांत सोयीचा. वाफ्याला चार-पाच किलो पाला पुरतो. पावसाच्या थेंबांनी माती वाहून जात नाही, तण कमी येते आणि पाला कुजून खत होतो. दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा थोडा थोडा पाला टाका. माडाच्या वाळलेल्या झावळ्या वाफ्यावर टाकू नका, त्या लवकर कुजत नाहीत आणि कोंब अडकतात. झावळ्या आणि सोडणे माडाच्या आळ्यातच पसरा.

तण काढताना प्रत्येक वेळी चरातली माती ओढून वाफ्यावर भर लावा. कंद उघडा पडला की कंदमाशी त्यावर अंडी घालते आणि आधीच सुरू झालेली कूज झपाट्याने वाढते. भर लावल्याने चरही खोल राहतो, एका कामात दोन कामे.

कूज दिसली तर

जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा वाफ्यांतून चक्कर मारा. एखादा गड्डा खालच्या पानांपासून पिवळा पडला असेल, बुडखा पाणी सुटल्यासारखा मऊ असेल आणि हलक्या हाताने ओढल्यावर खोड उपटून येत असेल, तर ती कंदकूज. तो गड्डा भोवतालच्या मातीसकट घमेल्यात घेऊन बागेबाहेर न्या. चरात टाकू नका, पाण्याबरोबर रोग खालच्या वाफ्यांत जातो. त्या जागी आणि भोवतीच्या गड्ड्यांच्या बुडाशी एक टक्का बोर्डो मिश्रण ओता.

बोर्डो घरी करता येते. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात कालवून गाळून घ्या. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळत राहा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. तयार मिश्रणात घासलेला स्वच्छ विळा क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुन्याचे पाणी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

कधी कधी झाड पिवळे व्हायच्या आधीच पाने गुंडाळतात आणि दोन-चार दिवसांत सगळा गड्डा मान टाकतो. अशा झाडाचे खोड बुडाशी कापून तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूंचा मर रोग आहे. यावर खात्रीचे औषध नाही. झाडे काढून टाका आणि त्या वाफ्यातले बेणे चुकूनही ठेवू नका. हाच रोग वांगी, टोमॅटो आणि मिरचीलाही येतो, म्हणून त्या पिकांच्या जागी आले लावू नका. निरोगी वाफ्यातही आले त्याच जागी लागोपाठ घेऊ नये. दोन-तीन वर्षे दुसरे पीक घेऊन मग परत या.

तहान, रोग की झोप?

पाने पिवळी दिसली की घाबरून पाण्याचा पाट सोडायचा, ही सवय मोडा. आधी ओळखा.

तहान असेल तर दुपारी पाने गुंडाळतात आणि संध्याकाळी पुन्हा सरळ होतात. दोन बोटे माती उकरली तर कोरडी लागते. पाऊस संपल्यावर आश्विन-कार्तिकात असे दिसले तर पाणी द्या. हळद तेव्हा अजून भरत असते, तिला पाने हिरवी असेपर्यंत ओल हवी.

रोग असेल तर पिवळेपणा मधूनच एखाद्या गड्ड्याला येतो. शेजारचा गड्डा हिरवा असतो. बुडखा मऊ लागतो, वास येतो.

झोप असेल तर सगळा वाफा जवळजवळ एकदम पिवळा पडतो. बुडखा घट्ट असतो, वास नसतो, आणि लावणीपासून सात-आठ महिने झालेले असतात. सुरणाचे पान देठासकट लवून आडवे होते. इथे पाणी बंद. पाने हिरवी असताना कापूही नका, जनावरांसाठीसुद्धा नको. ती आपोआप वाळू द्या.

तरीही शंका आली तर एका गड्ड्याची माती हाताने बाजूला करा आणि कंद अंगठ्याने दाबा. घट्ट लागला तर झोप. मऊ लागला तर रोग.

काढणी आणि पुढच्या वर्षीचे बेणे

भाजीसाठी ओले आले सहा महिन्यांनी काढता येते, पण बेण्यासाठी राखलेले वाफे पाने पूर्ण वाळेपर्यंत, आठ महिन्यांपर्यंत ठेवा. हळद साधारण फेब्रुवारीत तयार होते. पाला वाळल्यावर कापा आणि मग कुदळीने बाजूने खणा, म्हणजे कंदाला जखम होणार नाही. जखमी कंद आधी विका किंवा घरी वापरा, बेण्यात मिसळू नका. हळद शिजवून वाळवली की पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो भरते, हे विक्रीचा हिशेब करताना ध्यानात ठेवा.

बेणे निवडताना मोठे, भरीव, निरोगी गड्डे आधी बाजूला काढा आणि उरलेले विका. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते. चांगला माल बाजारात जातो आणि किरकोळ माल बेण्याला राहतो. मग वर्षागणिक पीक बारीक होते आणि आपण म्हणतो, जमीन थकली.

बेणे प्लास्टिकच्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकू नका. कंद झोपला असला तरी श्वास घेत असतो. आल्याच्या बेण्यासाठी सावलीत, उंच जागी खड्डा घ्या. तळाला कोरडी वाळू, त्यावर बेण्याचा थर, त्यावर कोरडा पाला, असे थर द्या. वर हातभर मोकळी जागा सोडा आणि भोके पाडलेली फळी झाका, म्हणजे हवा खेळेल. दर वीस दिवसांनी उघडून बघा आणि कुजका तुकडा दिसला तर लगेच काढा. हळदीचे बेणे झाडाच्या दाट सावलीत किंवा हवेशीर पडवीत ढीग करून हळदीच्याच वाळलेल्या पानांनी झाकले तरी चालते. सुरणाचे कंद फळीवर एकाच थरात, एकमेकांना न टेकता ठेवा. त्यांना दोन-तीन महिन्यांची झोप लागते. डोळा फुगू लागला की समजा, जाग आली.

पहिल्या वर्षी एवढेच करा

एकदम सगळी बाग हाती घेऊ नका. दहा वाफे घ्या, पाच आल्याचे आणि पाच हळदीचे. कडेला सुरणाचे सहा खड्डे करा. यासाठी आल्याचे सहा किलो, हळदीचे सात किलो आणि सुरणाचे तीन किलो बेणे लागेल. एक वही घाला. त्यात लावणीची तारीख, बेण्याचे वजन, मजुरीचा खर्च आणि काढणीचे वजन लिहा. दुसऱ्या वर्षी किती वाढवायचे, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल, त्यासाठी माझी गरज पडणार नाही.

थोडक्यात

माडाच्या बुंध्यापासून दोन मीटर सोडा.
वाफा एक फूट उंच, चर उताराचा.
निरोगी वाडीचे बेणे, बेण्याला औषध, लावणी रोहिणीत.
लावणीच्या दिवशीच पाल्याचे आच्छादन.
रोगट गड्डा मातीसकट बागेबाहेर.
सगळा वाफा एकदम पिवळा आणि कंद घट्ट, तर पाणी बंद.
सर्वांत चांगला कंद बेण्याला, त्यानंतरचा बाजाराला.

बंधू-भगिनींनो, ज्या काकींचे बेणे माझ्यामुळे गेले, त्यांच्या कोरड्या राहिलेल्या तीन खड्ड्यांतल्या कंदांच्या फोडी त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा लावल्या. तीन कंदांचे काही वर्षांत पुन्हा वीस खड्डे झाले. मागे त्यांच्या वाडीत गेलो तेव्हा पाने पिवळी पडून लवली होती आणि पाट कोरडा होता. मी काही बोललो नाही. काकी हसल्या आणि म्हणाल्या, "आता सायबालापन कळलं."

तुमच्या वाडीतला अनुभव पत्राने जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.